एक पिंप, बारा घाणे: मिळून आंबट बिअर कशी मुरवावी

वाइनचं नेहमीच्या मापाचं ओकचं पिंप 225 लिटरचं असतं आणि घरच्या एका घाण्यात साधारण 20 लिटर बिअर होते. एकट्याने ते भरायला घेतलं तर पहिला घाणा शिळा होईपर्यंत शेवटचा उकळतच असेल. यावर छोटं पिंप घेण्याचा सल्ला मिळतो, तो ऐकू नका. पिंप जितकं लहान, तितकं आतल्या बिअरच्या मानाने लाकूड जास्त. वीस-तीस लिटरच्या पिंपात काही आठवड्यांतच ओकचा तुरट कडवटपणा चढतो आणि लाकडातून झिरपणारा प्राणवायू बिअरला व्हिनेगरकडे ढकलतो. आंबट बिअरला दीड वर्ष निवांत मुरायचं असतं आणि तो निवांतपणा मोठ्या पिंपातच मिळतो. म्हणून माणसं जमवायची.

अनेकांचं एकत्र करून मुरवणं ही जुनीच रीत आहे. बेल्जियममध्ये ब्रुसेल्सच्या आसपास लाम्बिक ही आंबट बिअर करणाऱ्यांकडून ताजा वर्ट, म्हणजे बिअर होण्याआधीचा धान्याचा गोड रस, विकत घेऊन तो स्वतःच्या पिंपांत मुरवणारे आणि मग एकमेकांत मिसळून ग्यूझ ही मिश्र बिअर बनवणारे लोक पूर्वीपासून आहेत. 2009 मध्ये सुरू झालेल्या टिलक्विन या कंपनीनेही हेच केलं: वर्ट अनेकांचा, मुरवणं आणि मिसळणं एकाचं. आपल्या पिंपात फरक एवढाच की सगळं पहिल्याच दिवशी एक होतं. नळी काढली की कोणाचा घाणा कुठला हे सांगता येत नाही आणि कोणाला आपला परतही घेता येत नाही. त्यामुळे जे काही ठरवायचं ते ओतण्याआधी ठरवा.

आधी बोलणी

एका कागदावर पुढच्या गोष्टी लिहा आणि सगळ्यांनी वाचून होकार द्या. पिंप कोणाकडे राहणार? पिंपाचा आणि यीस्टचा खर्च कसा वाटणार? गट सोडून गेलेल्याच्या वाट्याचं काय? बिअर काढायची वेळ कोण ठरवणार? आणि सगळ्यांत नाजूक प्रश्न: एखाद्याचा घाणा बिघडला असेल तर तो नाकारायचा कसा?

माझ्या मते शेवटच्या प्रश्नाला कडक नियमच हवा. भरण्याच्या दिवशी प्रत्येक घाण्याची चव सगळ्यांनी घ्यायची आणि दोघांनी जरी नको म्हटलं तरी तो घाणा बाहेर राहील. नाकारल्या गेलेल्याचा वाटा मात्र कायम ठेवा. तसं केलंत तरच लोक स्वतःहून सांगतील, ‘माझ्या बिअरला वास येतोय, जरा बघा.’ वाटा जाईल या भीतीने गप्प बसलेला माणूस सगळ्या पिंपाला महागात पडतो.

बिअर कधी काढायची हे बहुमतावर सोडू नका. चव नेमकी ओळखणारे दोघे-तिघे निवडा आणि निर्णय त्यांच्यावर सोपवा. दहा-बारा जणांच्या मतदानात बिअर काढायची वेळ नेहमी लवकरच ठरते, कारण वाट पाहून सगळेच कंटाळलेले असतात.

बारा घाणे म्हणजे बारा माणसंच हवीत असं नाही. सहा जणांनी दोन-दोन केले तरी चालतं. बारा गुणिले वीस म्हणजे 240 लिटर. त्यातले 225 पिंपात आणि उरलेले 15 पुढे भर घालायला. घरी बिअर करण्याबाबतचा आपल्याकडचा कायदाही आधीच पाहून घ्या. काही ठिकाणी बंदी असते आणि अशी बिअर विकायला बहुतेक ठिकाणी परवाना लागतो.

पिंप निवडणं

पहिल्या वेळी रेड वाइनचं, दोन-तीनदा वापरलेलं पिंप घ्या. त्याच्या लाकडातला ओकचा जोर बराच उतरलेला असतो आणि वाइनचा किंचित फळकट गंध आंबट बिअरला शोभतो. बर्बनचं पिंप साधारण 200 लिटरचं असतं. त्यात आधी एखादी तगडी, गडद, साधी बिअर मुरवून घेतली तर दुसऱ्या फेरीला ते आंबट बिअरसाठी चांगलं तयार होतं. थेट त्यात आंबट बिअर भरली तर व्हॅनिला आणि जळक्या लाकडापुढे बाकी काही लागत नाही. कोऱ्या ओकच्या वाटेला जाऊच नका.

रिकामं कधी केलं हे विचारा आणि बुचाच्या भोकाला नाक लावा. वाइन, लाकूड, थोडासा गंधक हे वास ठीक. व्हिनेगरचा झणका किंवा ओल्या तळघराचा कुबट वास आला तर पिंप तिथेच सोडा. लाकडाच्या छिद्रांत खोलवर बसलेली बुरशी आणि व्हिनेगर करणारे जिवाणू, म्हणजे अ‍ॅसिटोबॅक्टर धुऊन निघत नाहीत. आत पाहायला टॉर्च वापरा. ज्यात नुकतीच व्हिस्की किंवा ब्रँडी होती त्या पिंपाजवळ काडी पेटवू नका आणि त्यात गंधकाची वडीही जाळू नका. आत राहिलेली अल्कोहोलची वाफ पेट घेते.

जागा आणि तयारी

रिकामं पिंप 50 किलोच्या आसपास भरतं आणि भरल्यावर पावणेतीनशे किलोच्या पुढे जातं. त्यानंतर ते हलत नाही. म्हणून भरण्याआधीच त्याला कायमच्या जागी, भक्कम घोडीवर आडवं ठेवा. बुचाचं भोक वर आणि एका तोंडासमोर माणसाला बसता येईल इतकी मोकळी जागा. खोली वर्षभर 13 ते 20 अंशांच्या दरम्यान राहिली तर उत्तम. 25 च्या वर दीर्घकाळ राहणाऱ्या जागेत मी तरी पिंप ठेवणार नाही. तिथे व्हिनेगर होण्याचा वेग बाकी सगळ्या गोष्टींना मागे टाकतो.

लाकूड सुकलं की फळ्यांमध्ये फटी पडतात, म्हणून पिंप फुगवून घ्यावं लागतं. वीस-तीस लिटर खूप गरम पाणी आत ओता, बूच लावा आणि पिंप गडगडवा. वाफेने आत दाब वाढतो, त्यामुळे बूच हाताने धरून अधूनमधून सैल करा. मग पिंप एका तोंडावर अर्धा तास उभं ठेवा, नंतर दुसऱ्या. हे पाणी काढून काठोकाठ गार पाणी भरा आणि एक-दोन दिवस ठेवा. सुरुवातीला सांध्यांतून थेंब येतील, लाकूड फुगलं की बंद होतील. एखादा हट्टी थेंब उरलाच तर त्या जागी पिंपासाठीचं मेण दाबून बसवा.

या सगळ्यात क्लोरीन असलेलं काहीही वापरू नका, ब्लीच तर नाहीच. क्लोरीन आणि लाकूड एकत्र आलं की बुचकट, कुबट वासाचं एक संयुग तयार होतं आणि ते कायमचं राहतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर तेही आधी घालवा.

नमुना काढायची सोयही आताच करा. पिंपाच्या मोकळ्या तोंडावर, खालून साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या उंचीवर, स्टेनलेस स्टीलच्या खिळ्यापेक्षा किंचित बारीक भोक पाडा आणि खिळा ठोकून बसवा. अमेरिकेतल्या रशियन रिव्हर ब्रुअरीच्या विनी सिलुर्झो यांच्यामुळे ही युक्ती सर्वत्र पोचली. खिळा ओढला की बारीक धार पेल्यात येते, पुन्हा ठोकला की बंद. वरचं बूच उघडावं लागत नाही आणि बिअरवर धरलेली साय मोडत नाही. साधा लोखंडी खिळा मात्र नको. आम्लाने लोखंड विरघळून बिअरला धातूची चव येते.

सगळ्यांची एकच पाककृती

प्रत्येकाने आपल्या मनाचं केलं तर पिंपात काय तयार होईल हे कोणालाच सांगता येणार नाही. एका 23 लिटरच्या घाण्यासाठी (गाळ वजा जाता साधारण 20 उरतात), माल्टमधली, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातली, 70 टक्के साखर उतरते असं धरून, हे प्रमाण चालतं:

पिल्सनर माल्ट 3.5 किलो
गव्हाचं माल्ट 1 किलो
म्युनिक माल्ट 800 ग्रॅम
कॅराम्युनिक माल्ट 300 ग्रॅम
4 टक्के अल्फा आम्लाचे हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) 20 ग्रॅम, 60 मिनिटं उकळून

सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या मानाने घनता; साखर जास्त तितकी ती जास्त) 1.050 ते 1.052 यायला हवी. मॅश (गरम पाण्यात भिजवलेलं माल्ट) 69-70 अंशांवर, म्हणजे नेहमीपेक्षा गरम ठेवा. त्यामुळे साध्या यीस्टला न पचणाऱ्या लांब साखळीच्या शर्करा मागे राहतात आणि तीच पुढच्या वर्षभराची शिदोरी. माल्टचा अर्क वापरणाऱ्यांनी 250 ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन घातलं की काम भागतं. कडवटपणा 10 आयबीयूच्या (कडवटपणा मोजायचं एकक) आत ठेवा, कारण हॉप्समुळे आंबटपणा आणणारा लॅक्टोबॅसिलस जिवाणू दबतो. त्याच कामाचा पेडिओकॉकस जिवाणू तुलनेने दणकट असतो.

बारापैकी अकरा घाणे साध्या, स्वच्छ चवीच्या एल यीस्टने घरीच पूर्ण फर्मेंट करा, म्हणजे आंबवून घ्या. वर्ट थेट पिंपात ओतून तिथेच सुरुवात करणारेही आहेत, पण गटासाठी ती पद्धत मला पटत नाही. फेस बुचातून उसळतो, ठरलेल्या दिवशी सगळ्यांचा वर्ट तयार असावा लागतो आणि मुख्य म्हणजे वर्ट चाखून पुढे कोणता घाणा बिघडेल ते कळत नाही. फर्मेंट झालेली बिअर चाखता येते.

बारावा घाणा ज्याच्याकडे वेगळी नळी, वेगळं भांडं आणि थोडा जास्त वेळ आहे त्याला द्या. त्याने तो बाकीच्यांच्या दोन महिने आधी करायचा आणि सुरुवातीपासूनच मिश्र कल्चर घालायचं. वायीस्ट कंपनीचं 3763 क्रमांकाचं रोझेलारे मिश्रण त्यासाठी सहज चालतं; त्यात सॅकरोमायसिस (बिअरचा नेहमीचा यीस्ट), ब्रेट (ब्रेटानोमायसिस हा रानटी यीस्ट), लॅक्टोबॅसिलस आणि पेडिओकॉकस एकत्र असतात. पाश्चराइझ न केलेल्या चांगल्या आंबट बिअरच्या बाटलीतला तळाचा गाळ घातला तर आणखी विविधता येते. हा घाणा म्हणजे पूर्ण पिंपाचं विरजण. वीस लिटर जिवंत, जोमदार कल्चर 225 लिटरला पुरतं आणि अकरा जणांच्या घरच्या नळ्या-बादल्यांना ब्रेट लागत नाही.

भरण्याचा दिवस

टेबलावर हायड्रोमीटर, पीएच मीटर, वही आणि पेले मांडा. प्रत्येक घाण्याची ग्रॅव्हिटी आणि पीएच लिहा, मग चव घ्या. ग्रॅव्हिटी थोडी वरखाली असली तर बिघडत नाही: दहा घाणे 1.014 वर आणि दोन 1.020 वर असतील तर पिंपात 1.015 होईल.

चव घेताना कोणता दोष चालतो आणि कोणता नाही हे माहीत हवं. लोण्याचा वास, म्हणजे डायअसिटिल, चालतो. ब्रेट तो खाऊन टाकतो. हिरव्या सफरचंदाची किंचित झाक आणि थोडासा गंधकही कालांतराने जातो. व्हिनेगर, ओल्या पुठ्ठ्याचा शिळेपणा आणि दवाखान्यातल्या चिकटपट्टीसारखा क्लोरोफिनॉलचा वास मात्र तसाच राहतो. यांतला एकही आढळला तर घाणा बाहेर, मग तो कोणाचाही असो.

पिंपातलं पाणी काढून ते चांगलं निथळू द्या आणि शक्य असेल तर आत कार्बन डायऑक्साइड सोडा. आधी मिश्र कल्चरचा घाणा, मग बाकीचे. नळीचं टोक पिंपाच्या तळाला टेकलेलं असू द्या. वरून धार पडली की हवा मिसळते. तळाचा गाळ शक्यतो घरीच राहू द्या. पिंप काठापर्यंत भरलं की एअरलॉकचं (वायू बाहेर सोडणारं, पण हवा आत न घेणारं) बूच लावा. उरलेली 15 लिटर बिअर काचेच्या बरणीत, पिंपातली थोडी बिअर मिसळून, एअरलॉकखाली ठेवा. एखादा घाणा बाहेर राहिला तर ही बरणी बहुतेक पिंपातच रिकामी होईल, म्हणून तशा वेळी भरीसाठी एक घाणा नव्याने करा.

मुरण्याचं वर्ष

पहिले सहा ते आठ आठवडे एअरलॉक हलत राहील. हालचाल थांबली की घट्ट सिलिकॉनचं बूच बसवा. एअरलॉकमधलं पाणी आटलं आणि कोणाच्या लक्षात आलं नाही तर हवेला रस्ता मोकळा होतो.

पुढे पिंपात पाळीपाळीने कामं चालतात. आम्ल मुख्यतः पेडिओकॉकस तयार करतो, सावकाश. ब्रेटानोमायसिस उरलेल्या शर्करा पोखरत राहतो आणि चामडं, सुकं गवत, पिकलेल्या फळांसारखे वास देतो. इंग्लंडमध्ये पिंपांत मुरवलेल्या बिअरमधला हा यीस्ट कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत क्लाउसेन यांनी ओळखला आणि 1904 मध्ये त्याला हे नाव दिलं. बिअरवर धरलेली पांढरी, सुरकुतलेली साय प्राणवायू आत आला आहे हे सांगते आणि काही प्रमाणात त्याला अडवतेही. ती पाहण्यासाठी बूच उघडत बसू नका.

पहिला नमुना तिसऱ्या महिन्यात काढा, मग दर दोन-तीन महिन्यांनी. जास्त वेळा काढून काहीच वेगळं कळत नाही, पिंप मात्र रिकामं होत जातं. प्रत्येकाने आपलं मत आधी कागदावर लिहावं आणि मग बोलावं. नाहीतर पहिला जे म्हणतो तेच सगळ्यांना लागायला लागतं.

मधल्या एखाद्या भेटीत खिळा ओढल्यावर धार विचित्र दिसेल. थेंब सुटून पडत नाही, पाकासारखी तार धरतो. पेला तिरका केला तर बिअर जाडसर होऊन काचेवरून सरकते आणि जिभेवर बुळबुळीत लागते. नवख्या गटाचं धाबं इथेच दणाणतं आणि सगळं ओतून द्यायच्या गोष्टी सुरू होतात. काहीही करू नका. पेडिओकॉकसने लांब साखळीच्या शर्करा बाहेर टाकल्यामुळे हे होतं आणि ब्रेट त्या तोडतो. काही आठवडे ते काही महिने लागतात आणि त्यानंतरची बिअर बहुधा आधीपेक्षा खोल चवीची असते. ब्रेटशिवाय पेडिओकॉकस कधी वापरू नये असं म्हणतात ते यामुळेच.

लाकडातून द्रव उडत राहतो. कोरड्या खोलीत पाणी जास्त जातं, दमट खोलीत अल्कोहोल जास्त जातं. भर घालण्याबद्दल मतं वेगवेगळी आहेत आणि लाम्बिकवाले बहुतेक पिंपांना हात लावत नाहीत. माझा सल्ला असा: पहिल्या दोन-तीन महिन्यांत पातळी उतरली की बरणीतली बिअर घालून पिंप भरा आणि नंतर पोकळी काही लिटरच्या पुढे गेली तरच बूच उघडा. ओतताना नळी सायीखाली हळूच सरकवा.

नजर ठेवायची ती व्हिनेगरवर. लॅक्टिक आंबटपणा गोलसर असतो, जिभेच्या बाजूंना जाणवतो. अ‍ॅसिटिक आम्ल नाकात चढतं आणि घशाला टोचतं. थोडंसं असलं तर बिअरला धार येते. बेल्जियममधल्या रोझेलारे गावच्या रोडेनबाख ब्रुअरीची मोठ्या ओकच्या पिंपांत मुरवलेली तांबडी बिअर त्याची साक्ष देईल. पण ते वाढतच जातं, कमी कधी होत नाही. त्याच्यासोबत नखपॉलिश काढायच्या द्रवाचा वास आला तर एथिल अ‍ॅसिटेट तयार होतंय. दोन नमुन्यांमध्ये हे स्पष्ट वाढलेलं दिसलं तर खोली थंड करा, पिंप काठोकाठ भरा आणि तरीही वाढलं तर ठरलेल्या वेळेची वाट न पाहता बिअर काढा.

दुसरा त्रास उंदराच्या पिंजऱ्यासारख्या किंवा शिळ्या धान्यासारख्या चवीचा. ही नाकाला कळत नाही, कारण आम्लामध्ये ती दबलेली असते. गिळल्यावर लाळेने आम्लता उतरली की मागाहून उमटते. म्हणून चाखताना घोट घेऊन थोडं थांबायची सवय लावा. ही चव बहुतेकदा काही महिन्यांत जाते, पण ती असताना बाटल्या भरू नयेत.

काढणं, वाटणं, बाटल्या भरणं

बिअर तयार व्हायला साधारण बारा ते अठरा महिने लागतात. महिन्याच्या अंतराने घेतलेली तीन मापं सारखी आली, ग्रॅव्हिटी 1.008 च्या खाली गेली, पीएच 3.2 ते 3.5 च्या आसपास असला आणि निवडलेल्या तिघांना चव पटली, की दिवस ठरवा. ग्रॅव्हिटी स्थिर नसेल तर चव कितीही आवडली तरी थांबा. बाटलीत उतरणारा ग्रॅव्हिटीचा प्रत्येक अंश (0.001) सुमारे अर्धा व्हॉल्यूम, म्हणजे लिटर बिअरमागे अर्धा लिटर, कार्बन डायऑक्साइड तयार करतो. चार-पाच अंश उतरले तर काच फुटते आणि काचेचे तुकडे माणसाला लागतात.

प्रत्येकाच्या वाट्याला साधारण 17-18 लिटर येईल. ज्याच्या घरी पिंप होतं त्याला उरलीसुरली बिअर जास्तीची द्यावी असं मला वाटतं. वर्षभर खोलीचं तापमान त्यानेच सांभाळलेलं असतं. इथून पुढे आपापली वाट धरायला हरकत नाही. कोणी साधीच भरेल, कोणी लिटरमागे 200 ग्रॅम आंबट चेरी घालून आणखी दोन-तीन महिने ठेवेल. फारच आंबट वाटली तर ताज्या, साध्या बिअरमध्ये मिसळून पाहा, पण आधी 100 मिलीच्या पेल्यात 10-20-30 टक्के असं करून. मिसळलेल्या ताज्या बिअरमधली साखर ब्रेट पुन्हा खाणार, हे विसरू नका. ते मिश्रण लगेच बाटलीत भरायचं नाही.

दीड वर्ष मुरलेल्या बिअरमध्ये वायू जवळपास उरलेला नसतो, त्यामुळे नेहमीचे हिशेब कमी साखर सांगतात. आत अर्धा व्हॉल्यूम आहे असं धरा. लिटरमागे 4 ग्रॅम साखर एक व्हॉल्यूम देते; पावणेतीन व्हॉल्यूम हवे असतील तर लिटरला 9 ग्रॅम, म्हणजे 18 लिटरला सुमारे 160 ग्रॅम. इतक्या आम्लात जुना यीस्ट दमलेला असतो, तेव्हा शॅम्पेनसाठीचा कोरडा यीस्ट दोनेक ग्रॅम, कोमट पाण्यात भिजवून घाला. बाटल्या जाड काचेच्याच घ्या. तीन महिने थांबून मग पहिली उघडा. भरताना लागलेल्या हवेमुळे उंदराची ती चव मधेच डोकावली तर उरलेल्या बाटल्यांना आणखी वेळ द्या.

रिकामं पिंप

बिअर काढली त्याच दिवशी पिंप पुन्हा भरायला हवं. ओल्या, रिकाम्या लाकडात अ‍ॅसिटोबॅक्टरला हवी ती हवा मिळते. म्हणून काढण्याच्या तारखेपासून तीन आठवडे मागे मोजा आणि तेव्हाच पुढचे घाणे घरोघरी लावायला सांगा. या वेळी वेगळं कल्चर लागत नाही; ते लाकडातच मुरलेलं असतं. गाळ फार साठला असेल तर गरम पाण्याने एकदा विसळा, घासू नका. हवं तर अर्धी किंवा दोन-तृतीयांश बिअरच काढून तितकी नवी भरत राहा. शेरीच्या सोलेरा पद्धतीत असंच जुन्यात नवं मिसळत जातं. नवे घाणे तयारच नसतील तर पिंप धुऊन, निथळून, बुचातून तारेला टांगलेली गंधकाची वडी आत जाळा आणि लगेच बंद करा. हे काम उघड्यावर, धूर नाकातोंडात न जाऊ देता करायचं, दर काही आठवड्यांनी पुन्हा करायचं, आणि भरण्याआधी पिंप परत पाण्याने फुगवून घ्यायचं.